केनी बॅरनला ऐकायला जाताना

पियानो आणि जॅझबद्दलची काही पत्रं गेल्या दोन-तीन महिन्यांत साठली होती. ती या वेळी एकत्र घेते आहे. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं, कारण त्यात विचारलेलं सगळंच मनापासून सांगावंसं वाटलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुण्याचा, बँकेतून निवृत्त झालेला. सध्या आम्ही दोघं एडिसनला लेकीकडे आलो आहोत. जावईबापूंनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या जागी केनी बॅरन या पियानोवादकाची तिकिटं काढली आहेत. म्हणतात, बाबा, हा माणूस ऐंशीच्या पुढे गेलाय, एकदा समोर बसून ऐकाच. मी जन्मभर ख्याल ऐकला. जॅझ लावला की मला वाटतं, प्रत्येक जण आपापलं काहीतरी वेगळंच वाजवतो आहे. तिथे नेमकं ऐकायचं काय? दाद कधी द्यायची? आणि हिचे गुडघे दुखतात, हिला झेपेल का?
— एक वाचक, पुणे (सध्या एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आधी वहिनींच्या गुडघ्यांचं. व्हॅनगार्ड तळघरात आहे. सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवर लाल छताखाली एक अरुंद दार दिसेल. ते उघडलं की समोरच पंधराएक पायऱ्यांचा उभा जिना. लिफ्ट नाही. कठडा धरून, मागून कुणी घाई करत नसताना उतरता आलं तर जमेल. म्हणून दार उघडायच्या वेळेलाच पोहोचा. आठचा सेट (एका रात्रीत दोन कार्यक्रम होतात, त्यांतला एकेक म्हणजे सेट) असेल तर सातला. लवकर जायला दुसरंही कारण आहे. खुर्च्यांना नंबर नसतात, आधी येईल त्याला आधी बसवतात. तिकीट आठच्या सेटचंच आहे ना, ते जावईबापूंना विचारून घ्या. दहाचा सेट पुष्कळदा जास्त मोकळा रंगतो, पण तो संपवून पेन स्टेशन गाठेपर्यंत मध्यरात्र होते आणि मग एडिसनच्या गाडीसाठी ताटकळावं लागतं. खायला तिथे काही मिळत नाही, तेव्हा जेवून निघा. माणशी एक पेय मात्र घ्यावंच लागतं. ते मद्यच हवं असं नाही.

बसायला मिळालं तर भिंतीलगतच्या बाकावर, पियानोच्या पट्ट्या दिसतील अशा बाजूला बसा. वादकाचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, हात दिसले पाहिजेत.

खोली बघून तुम्हाला वाटेल, एवढीशीच? मॅक्स गॉर्डन यांनी हा क्लब १९३५ साली काढला. सुरुवातीला तिथे कवितावाचन, विनोदी कार्यक्रम, लोकगीतं असं सगळं चाले. १९५७ नंतर तो जवळजवळ पूर्ण जॅझचा झाला. १२३ माणसं बसतात. मागे रुंद आणि मंचाकडे निमुळती होत गेलेली खोली, मंचामागे लाल पडदा, भिंतींवर तिथे वाजवून गेलेल्यांचे फोटो. विंगा नाहीत. वादक मागच्या जुन्या स्वयंपाकघरात थांबतात आणि वेळ झाली की टेबलांमधून वाट काढत मंचाकडे जातात. केनी बॅरन तुमच्या खुर्चीला खेटून जाण्याची शक्यता आहे. मधूनच जमिनीखालून भुयारी रेल्वेची धडधड येईल. ती त्या खोलीचीच आहे असं समजा. बिल इव्हान्स या पियानोवादकाचं २५ जून १९६१चं जगप्रसिद्ध रेकॉर्डिंग याच खोलीतलं. त्यात पेल्यांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा अजून ऐकू येतात.

आता तुमचा खरा प्रश्न.

तुम्ही ख्याल ऐकता, म्हणजे आवर्तन तुमच्या अंगात आहे. तेच वापरा. जॅझमधली पुष्कळशी जुनी गाणी बत्तीस बारांची असतात. एका बारात चार मात्रा, म्हणजे एकूण १२८. तीनतालाची आठ आवर्तनं. त्याचे चार सारखे भाग पडतात : पहिला, तोच पुन्हा, मग वेगळा तिसरा, मग परत पहिला. अस्ताई, अस्ताई, अंतरा, अस्ताई म्हणा हवं तर. वादक आधी ही चाल सरळ वाजवून दाखवतात. मग चाल सोडून देतात, पण १२८ मात्रांचा घेर कुणीही सोडत नाही. मध्यम लयीत एक फेरा साधारण पाऊण मिनिटाचा होतो. अगदी संथ गाण्यात दोन मिनिटांहून थोडा जास्त. अशा एका फेऱ्याला कोरस म्हणतात. तुम्हाला जे ‘प्रत्येक जण वेगळं वाजवतो’ असं वाटतं, ते त्या एकाच फेऱ्यावर चाललेलं असतं. त्यामुळे सोपा उपाय असा की चाल ओळखीची झाली की ती मनातल्या मनात म्हणत राहायची, पियानो कुठेही गेला तरी. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला अंतऱ्याचा भाग आला की पियानो, बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स असे तिघंही एकदम वळताना ऐकू येतील, आणि तुम्ही तुमच्या मनातल्या चालीसकट तिथेच असाल. ते पहिल्यांदा घडतं तेव्हा फार आनंद होतो.

ड्रम्समध्ये तबल्याचा ठेका शोधू नका. बोल बांधलेले नसतात, समेवर ठोका येईलच असंही नाही. लय चालते ती मोठ्या थाळीसारख्या राइड सिंबलवर, आणि डाव्या पायाने मिटणाऱ्या हाय-हॅटच्या जोडीवर. ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ‘चिक्’ करते. मांडीवर ताल धरायचा तर त्या दुसऱ्या-चौथ्यावर धरा. पहिल्या-तिसऱ्यावर धरलात तर सगळं जड आणि कवायतीसारखं वाटायला लागतं. बॅरन यांच्या त्रिकुटात पुष्कळ वर्षं जोनाथन ब्लेक ड्रम्सवर असतात. त्यांची मांडणी बघण्यासारखी असते : सगळ्या सिंबल्स इतर वादकांपेक्षा किती तरी खाली, जवळजवळ ड्रम्सच्या पातळीला आणि आडव्या. त्यामुळे हात उंच जात नाहीत आणि ते सतत पियानोकडे बघू शकतात. बासवर कियोशी किटागावा, मूळचे जपानमधल्या ओसाकाचे. तुमच्या वेळी साथीला दुसरं कुणी असलं तरी ऐकायचं तेच आहे.

बास आधी ऐका. हे मी सगळ्यांना सांगते. मात्रेला एक असा सूर तो चालवत असतो, आणि आपल्या कानाला जे परकं वाटतं त्याचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे तानपुरा रात्रभर षड्ज धरून बसतो. प्रत्येक सुराचं नातं त्या एका षड्जाशी. इथे पाया सरकतो. दर एक-दोन बारांनी खालचा सूर बदलतो आणि वरचा सूर न हलताही त्याची चव बदलते.

लेकीकडे हार्मोनियम किंवा नातवंडांचा छोटा कीबोर्ड असेल तर एक करून बघा. उजव्या हाताच्या करंगळीने मध्य सप्तकातला शुद्ध गंधार दाबून धरा, सोडू नका. अंगठ्याने त्याच्याखालचा षड्ज दाबा. ओळखीचा, गोड, स्थिर गंधार ऐकू येईल. आता गंधार तसाच ठेवून अंगठा मंद्र धैवतावर न्या. तोच गंधार एकदम कलता, थोडा उदास होतो. आता अंगठा आणखी खाली, मंद्र शुद्ध मध्यमावर. पंजा जरा ताणावा लागेल. गंधाराला एक हलकीशी धार येते, तो कुठेतरी जाऊ पाहतो आहे असं वाटतं. करंगळी जागची हललेली नाही. जॅझ पियानोवादकाचं निम्मं काम हे आहे : गाण्याचा सूर तोच ठेवून त्याच्याखाली काय ठेवायचं ते ठरवणं. तुमच्या कानाला श्रुतीचा फरक कळतो, त्यामुळे हा फरक तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल, याची मला खात्री आहे. राग मात्र शोधू नका. अधूनमधून यमन किंवा भैरवीसारखं काही चमकेल. त्याच्यामागे गेलात तर पाया सरकलेला असेल आणि तुम्ही मागे राहाल.

केनी बॅरन यांच्याबद्दल थोडं. जन्म १९४३चा, फिलाडेल्फियाचा. मोठा भाऊ बिल बॅरन सॅक्सोफोनवादक. १९६२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते नामवंत ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्याबरोबर वाजवू लागले आणि चार वर्षं राहिले. पुढे १९७३पासून पंचवीसहून अधिक वर्षं त्यांनी रटगर्स विद्यापीठात शिकवलं, म्हणजे तुमच्या लेकीच्या घराच्या अगदी शेजारी, न्यू ब्रन्झविकला. ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड त्यांच्याकडे तिथेच शिकले. ही शिकवण्याची वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. मी स्वतः हार्मोनियम शिकवते आणि साथीला बसते. वर्षानुवर्षं दुसऱ्याचं वाजवणं ऐकून त्याला पुढची वाट सुचवणारा माणूस साथ कशी करतो, हे मला त्यांच्या डाव्या हातात दिसतं. बासवाला सोलो घेत असताना, म्हणजे मुख्य वादन त्याच्याकडे असताना, त्या हाताकडे बघा. एखादा छोटासा स्वरगुच्छ, मग बराच वेळ काही नाही, मग बासने जिथे वाक्य संपवलं नेमक्या तिथे दोन सूर. गवयाची जागा स्वतः भरून न टाकणारा, पण त्याला एकटंही न सोडणारा संवादिनीवाला आठवा. त्याच जातीचं काम आहे.

मी त्यांना ऐकलं ते याच तळघरात. एका संथ गाण्याला ड्रम्स आणि बास दोघंही थांबले आणि ते एकटेच वाजवू लागले. बोटं पट्ट्यांपासून उचललीच जात नव्हती म्हणावं इतकी खाली. वरचा सूर स्वच्छ, गायल्यासारखा, आणि त्याच्याखालचे मधले सूर त्याहून अर्ध्या आवाजात. एकाच हाताची करंगळी एका वजनाने पडते आहे आणि त्याच क्षणी अंगठा दुसऱ्या वजनाने. हे मी वीतभर अंतरावरून पाहिल्यासारखं पाहिलं. दुसऱ्या फेऱ्याला डावा हात जुन्या हार्लेमच्या पद्धतीने चालायला लागला : खाली खर्जाचा एक सूर, मग उडी मारून मधे स्वरगुच्छ, पुन्हा खाली, पुन्हा मधे. या पद्धतीला स्ट्राइड म्हणतात. एरवी ती दणक्यात वाजते. त्यांनी ती इतकी हळू ठेवली की शेजारच्या टेबलावरच्या पेल्यातला बर्फ हललेला ऐकू आला असता. संपल्यावर खोली लगेच टाळ्या वाजवेना. तुमच्या भाषेत, मैफल लागली होती.

दादेचं तंत्र सोपं आहे. प्रत्येकाचा सोलो संपला की, गाणं चालू असतानाच, टाळ्या वाजवतात. बासच्या सोलोनंतरही. बासवाल्याला दाद द्यायला विसरू नका. संथ गाण्यात शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत थांबा. मध्येच एखादी जागा लागली आणि तोंडातून हलकेच ‘वा’ गेलं तर कुणाला खटकणार नाही, तिथलेही जाणकार तशीच दबकी दाद देतात. बोलायचं मात्र अजिबात नाही. त्या क्लबमध्ये गप्पा मारणाऱ्यांना सरळ गप्प राहायला सांगतात. शेवटाकडे कधी पियानो चार बार आणि ड्रम्स चार बार अशी आलटून-पालटून देवाणघेवाण होते. सवाल-जवाबासारखीच. त्या वेळी मनात बार मोजत राहा, ड्रम्समधूनही चाल ऐकू यायला लागेल.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे, कीबोर्ड शिकतो. माझा मोठा भाऊ बोस्टनला आहे, सुट्टीत त्याच्याकडे जाणार आहे. तो म्हणतो, एखाद्या जुन्या जॅझ पियानोवादकाला ऐकू. पण या लोकांची ऐन उमेदीतली रेकॉर्डिंग्ज घरबसल्या मिळतात. तेव्हा त्यांचा हात जास्त वेगात चालत होता. ऐंशीच्या माणसाला प्रत्यक्ष ऐकण्यात आदर सोडला तर काय मिळतं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वेगाबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे. ऐंशीत कुणाचीही बोटं तिशीसारखी पळत नाहीत. पण तू कीबोर्ड वाजवतोस, म्हणून तुला वाजवणाऱ्याच्या बाजूनेच सांगते.

वेग आहे तोवर माणसाला निवड करावी लागत नाही. सुचेल ते सगळं वाजवता येतं. तो ओसरला की प्रत्येक सुराला विचारावं लागतं, तू हवास का? मोठ्या वादकाच्या उतारवयातल्या वाजवण्यात त्या प्रश्नाचं उत्तर ऐकू येतं. हँक जोन्स हे पियानोवादक २०१० साली एक्क्याण्णवव्या वर्षी गेले. शेवटपर्यंत वाजवत होते. त्यांच्या अखेरच्या काळातलं वाजवणं ऐक, एक सूर जास्तीचा नाही. अहमद जमाल यांनी तर तरुणपणापासूनच मोकळ्या जागा सोडायला शिकवलं. माइल्स डेव्हिससारखा ट्रम्पेटवादक त्यांच्याकडून ते उचलत होता. जमाल २०२३ मध्ये गेले, ब्याण्णव वर्षांचे होते.

दुसरं, रेकॉर्डिंगमध्ये तुला पियानोचा आवाज एका ठरावीक मर्यादेत बसवलेला मिळतो. सगळ्यात हळू सूरही ऐकू यावा म्हणून तो वर ओढलेला असतो. तुझ्या कीबोर्डवर तर आवाजाच्या फार थोड्याच पायऱ्या आहेत. खऱ्या ग्रँड पियानोपासून आठ-दहा फुटांवर बसलास की कळेल, हळू आणि अगदी हळू यांच्यामध्ये किती जागा आहे. हातोडी तारेला लागते, पट्टी परत वर येते, पेडल सुटलं की तारांवर गादी बसते; हे सगळे आवाज तिथे असतात आणि वादक त्यांच्याशीही खेळत असतो. पायाकडे बघ. पेडल कधी पूर्ण दाबतो, कधी नुसतं अर्धं. हे कुठल्याही व्हिडिओत तुला नीट दिसणार नाही.

तिसरं म्हणजे पहिल्या सुराआधीचे दोन-तीन सेकंद. लय कुठे ठेवायची ते वादक तेव्हा ठरवतो. तेच गाणं, त्या रात्री, त्या खोलीत, किती संथ? तरुण वादक बहुधा जरा वर धरतात. जुना माणूस गाण्याला पेलेल तिथेच धरतो. आपल्याकडे विलंबित कुठे ठेवायचा यावरून गवई ओळखतात, तसंच.

आणि एक गोष्ट तुला स्पष्टच सांगते. ही माणसं फार उरलेली नाहीत. बॅरी हॅरिस न्यूयॉर्कमध्ये दर आठवड्याला वर्ग घेत, कुणीही जाऊन बसावं. २०२१च्या डिसेंबरात ते गेले. मॅकॉय टायनर २०२०च्या मार्चमध्ये गेले. कीथ जॅरेट आहेत, पण २०१८ मध्ये त्यांना दोनदा पक्षाघाताचा झटका आला, डावा हात अधू झाला, आणि आता ते मैफल करत नाहीत. ऑस्कर पीटरसन यांचाही डावा हात १९९३च्या झटक्यानंतर कमजोर झाला होता, तरी सावरून पुन्हा मंचावर आले, पुढे कित्येक वर्षं वाजवलं. बेबॉप ही जॅझची शैली घडवणाऱ्यांच्या शेजारी बसून ज्यांनी शिक्षण घेतलं, ती पिढी आता थोडी आहे. त्यांच्यापैकी कुणीही वाजवत असेल, अगदी छोट्या शहरात असेल, भावाला सांग गाडी काढायला. आधी तिकिट काढ, मग बाकीचा बेत ठरव.

जाताना एक काम घेऊन जा. एका गाण्यात फक्त डावा हात ऐकायचा. उजव्याकडे लक्ष जाईल, परत आणायचं. घरी आल्यावर वहीत लिही, डावा हात कधी गप्प होता.

प्रश्न : आम्हाला परदेशी जाणं शक्य नाही. मुंबईत राहून असा एखादा बुजुर्ग जॅझ पियानोवादक ऐकायला मिळेल का? आणि मुंबईला जॅझची काही परंपरा आहे की हे सगळं हल्लीच आलेलं आहे?
— एक वाचक, दादर

उत्तर : परंपरा चांगली जुनी आहे, आणि त्यात गोव्याचा वाटा फार मोठा आहे. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलमध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे बँड वाजवत. त्यांत टेडी वेदरफर्ड हे शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक होते. पुढे ते कलकत्त्यात राहिले आणि १९४५ साली तिथेच वारले. त्यांच्या आसपास गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकलेली ही मुलं होती, समोर कागद ठेवला की वाजवत. आल्डोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला. पन्नाशीच्या दशकातल्या गाण्यांमधले ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ऐकताना आपण याच लोकांना ऐकत असतो, आणि त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, याचं मला फार वाईट वाटतं. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक हे मोठे पियानोवादक आपल्या चौघांच्या संचासह मुंबईत वाजवून गेले. १९७८पासून जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. निरंजन झवेरी त्यामागे होते. धोबी तलावच्या रंगभवनात उघड्यावर रात्री चालायचा. पहिल्याच वर्षी मोठे सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आले होते.

आता तुमच्या शहरातला बुजुर्ग : लुई बँक्स. जन्म १९४१चा, दार्जिलिंगचा, नेपाळी घराण्यातला. वडील ट्रम्पेट वाजवत. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर ब्लू फॉक्समध्ये वाजवत असताना राहुलदेव बर्मन यांनी त्यांना ऐकलं आणि मुंबईला आणलं. दूरदर्शनवरचं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ तुमच्या घरातही पाठ असेल. १९८८चं ते, आणि त्याच्या संगीतरचनेत त्यांचा हात आहे. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्याबरोबर त्यांनी आपलं संगीत आणि जॅझ यांचा मेळ घालण्याचं काम केलं, तेही जाहिराती आणि चित्रपटांची कामं सांभाळून. मुलगा जिनो ड्रम्स वाजवतो. बापलेक एकत्र वाजवत असतील तर ती संधी सोडू नका. घरात एकत्र वाढलेली लय वेगळी ऐकू येते.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम वर्षभर अधूनमधून असतात आणि जॅझ महोत्सवही भरतो. दादरहून चर्चगेटची लोकल, पुढे टॅक्सी. पत्रिका आधी बघून ठेवा, आणि जमलं तर ध्वनिवर्धकांची भिंत नसलेल्या लहान सभागृहातला कार्यक्रम निवडा. पियानो लहान खोलीतच खरा कळतो.

प्रश्न : कार्यक्रमात एखादं गाणं मोबाइलवर टिपून ठेवलं तर चालतं का? आठवण म्हणून.
— एक वाचक, नागपूर (सध्या न्यू जर्सी)

उत्तर : नाही. व्हॅनगार्डमध्ये तर सरळ मनाई आहे, आणि मला ती पटते. शंभर-सव्वाशे माणसांच्या अंधाऱ्या खोलीत एक पडदा उजळला की वादकाला तो दिसतोच. कार्यक्रम संपल्यावर मात्र वादक पुष्कळदा तिथेच रेंगाळतात. जवळ जाऊन नमस्कार करा, कुठलं गाणं आवडलं ते सांगा. नाव आठवत नसेल तर कितवं होतं ते सांगा. फोटोचं विचारायचं असेल तर तेव्हा विचारा.

प्रश्न : केनी बॅरन यांचं काय ऐकून जावं? एकच सुचवा.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘पीपल टाइम’. स्टॅन गेट्झ यांचा टेनर सॅक्सोफोन आणि बॅरन यांचा पियानो, बाकी कुणी नाही. १९९१च्या मार्चमध्ये कोपनहेगनच्या मॉन्टमार्त्र क्लबमध्ये लागोपाठच्या रात्री केलेलं रेकॉर्डिंग. गेट्झ यांना कर्करोग होता, त्याच जूनमध्ये ते गेले. ऐकताना हे माहीत असावं, कारण त्यामुळे पियानोने काय केलंय ते कळतं. ड्रम्स नाहीत, बास नाही. लय, पाया आणि साथ तिन्ही एकट्या बॅरन यांच्यावर. गेट्झ यांना दम खायला हवा तिथे पियानो अलगद पुढे होतो, आणि ते पुन्हा सुरू करणार असे दिसले की दोन मात्रा आधीच जागा मोकळी करतो. एका बैठकीत सगळं ऐकू नका. एका वेळी दोन गाणी पुरे. आधी सॅक्सोफोन धरून, मग तेच गाणं पियानो धरून.

एकच पथ्य पाळा. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, डावा हात त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. साधे हेडफोन चालतील.